भोपळ्याच्या पोटातला दिवा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडेल. हॅलोवीन हा सण ना आपला, ना आपल्या ऋतूचा. मग त्याची चर्चा मराठी घरांत कशासाठी? कारण साधेच आहे. आज बडोद्यात, इंदुरात, बेळगावात किंवा पणजीत गल्लोगल्ली एखादे घर तरी असे निघते, की ज्यातील लेक किंवा सून अमेरिकेत संसार करीत आहे. ऑक्टोबर संपत आला की नातवंडांची छायाचित्रे येतात. कोणी भोपळा झालेले असते, कोणी अस्वल. आपण ती कौतुकाने शेजारी दाखवितो. पण त्या छायाचित्रात न आलेली एक गोष्ट असते, ती म्हणजे मुलाची भीती. तिच्याविषयी मला आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

मी बडोद्यातील एका बालवाडीत पुष्कळ वर्षे काम केले. मुलांना भीती घालू नये, हे मी इतरांच्या आयांना शेकडो वेळा सांगितले असेल. २०२४ च्या शरद ऋतूत मी न्यू जर्सीला लेकीकडे होते. नातू नुकताच चार वर्षांचा झाला होता. आदल्या वर्षी, हॅलोवीनच्या संध्याकाळी, शेजारच्या ओसरीवर कोणा थोराने भेसूर मुखवटा घालून त्याच्यापुढे एकदम उडी मारली होती. तेव्हापासून दाराची घंटा वाजली की तो पलंगामागे जाऊन बसे. पुढे ते कमी झाले. परंतु ऑक्टोबर लागून ओसऱ्यांवर सांगाडे आणि कोळी दिसू लागताच पुन्हा तेच सुरू झाले. एके दिवशी तो असा लपला असता माझ्या तोंडून निघून गेले, “अरे, एवढं घाबरायला काय झालं? वेडा आहेस का?”

लेक स्वयंपाकघरात होती. ती बाहेर आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “आई, मलाही तू असंच म्हणायचीस. माळ्याखालच्या खोलीत बागुलबुवा आहे असं तूच सांगायचीस, आणि मी रडले की हसायचीस.”

श्रोते हो, ते खरे होते. दिवसभर परक्यांची मुले सांभाळून थकून घरी यावे, आणि आपल्या मुलीने जेवावे म्हणून सोपा उपाय करावा, असे मी केले होते. माझी मुलगी आज चाळिशी ओलांडून गेली आहे. परंतु अद्यापि ती पूर्ण अंधारात झोपू शकत नाही. मी तिला एवढेच म्हटले, “चुकलं माझं. आता याच्यासाठी काय करायचं ते आपण मिळून ठरवू.” आम्ही काय ठरविले, ते सांगण्यापूर्वी या सणाची थोडी ओळख करून घेऊ.

१ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संप्रदायातील सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. गोमंतकातील श्रोत्यांना हे सांगावयास नकोच. पहिल्या दिवसाची पूर्वसंध्या ती हॅलोवीन. त्याहून जुने असे मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंड येथील लोकजीवनात सापडते. पीक घरात आले, गुरे डोंगरावरून खाली आणली, आता थंडी आणि अंधार सुरू होणार. या सांध्यावर सावेन नावाचा सण पडे. त्या रात्री या जगामधील आणि त्या जगामधील पडदा विरळ होतो, अशी समजूत होती. सलगमाचा कंद कोरून, त्याला नाकडोळे पाडून, आत दिवा लावण्याची चाल तिकडचीच. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगल परगण्यातील अशा एका सलगमाचा साचा जतन करून ठेवलेला आहे. त्याचे वाकडे तोंड आणि तुटके दात पाहिले म्हणजे मोठ्या माणसाच्याही अंगावर काटा येतो.

एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात, लक्षावधी आयरिश माणसे अमेरिकेत गेली. तेथे त्यांना आयता भोपळा मिळाला. भोपळा मूळचा त्या खंडातलाच. आकाराने मोठा, आतून पोकळ, कोरावयास सलगमापेक्षा कितीतरी सोपा. आणि एक गोष्ट माझ्या मते महत्त्वाची आहे. सलगमाचा चेहरा भेसूरच होतो. भोपळ्याचा मात्र हसराही करता येतो. म्हणजे भीतीचा सण मुलांच्या सणाकडे वळण्यास या गोल, नारिंगी फळाने हातभारच लावला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता मुलाच्या मनाकडे वळू. मुखवट्यामागे आपला शेजारीच आहे, हे आपणास ठाऊक असते. तीन वर्षांच्या मुलास ते तसे ठाऊक नसते. रीटा डीव्हरीज या अमेरिकन संशोधक बाईंनी १९६९ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्याजवळ मेनार्ड नावाचे एक शांत मांजर होते. मुलांना आधी ते मांजर दाखवीत, हात लावू देत. नंतर त्याचे तोंड आडोशाला घेऊन त्यावर कुत्र्याचा मुखवटा चढवीत. शेपटीकडची बाजू मात्र मुलांना सारा वेळ दिसत असे. पुष्कळ तीन वर्षांच्या मुलांना खरोखरच वाटले, की मांजराचे कुत्रे झाले. सहा वर्षांच्या आसपासची मुले ठामपणे सांगत, की हे मांजरच. म्हणजे काय, तर ‘अरे, तो काकाच आहे’ हे आपले वाक्य लहान मुलाच्या दृष्टीने निरर्थक असते. त्याच्यापुरता काका नाहीसा झालेला असतो. अशा मुलाला भित्रा म्हणणे म्हणजे चालू न लागलेल्या मुलाला लंगडा म्हणण्यासारखे आहे.

यावर उपाय कोणता? भीतीची वस्तू लपवून ठेवणे हा नव्हे, आणि मुलास तिच्यासमोर ढकलणे हा तर नव्हेच. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले, तेव्हा त्यांनी हात, नाक, कान यांच्या शिक्षणाला आरंभीचे स्थान दिले. आपल्याकडे भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. ताराबाई मोडक तेथे त्यांच्याबरोबर काम करून पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे गेल्या. महाग साधनांवाचून, बिया, पाने, शिंपले, खडे यांवर मुलांची ज्ञानेंद्रिये कशी फुलतात, हे त्या परंपरेने दाखवून दिले. ज्या वस्तूला मुलाने स्वतः हात लावला, जी त्याने फोडली, धुतली, मोजली, ती त्याला अनोळखी राहत नाही. आम्ही ठरविले ते हेच, की यंदा हॅलोवीन आधी हातांनी ओळखावयाचा, डोळ्यांनी मागाहून.

म्हणून आम्ही एका दुपारचा बेत केला. संध्याकाळ नव्हे, दुपार. अंधार हा पाहुणा आधीच नको. नातवाखेरीज तीनच मुले बोलाविली. वेळ पाऊण तासाचा. खोलीत चार ठिकाणी चार पाट्या मांडल्या आणि एका कोपऱ्यात गोधडी व दोन उशा टाकून ठेवल्या. ज्याला काही नको असेल त्याने तेथे जाऊन बसावे, त्याला कोणी हाक मारावयाची नाही, असा नियम. त्या कोपऱ्याचा उपयोग होवो न होवो, तो आहे एवढ्यानेच मुले निर्धास्त राहतात.

पहिल्या पाटीत भोपळा. ओसरीवरचा भोपळा बर्फासारखा गार असतो; म्हणून तो सकाळीच घरात आणून ठेवला. झाकण मोठ्या माणसाने कापले. सुरी मुलांच्या हाती नाही. मग आतला ओला, चिकट, धाग्याधाग्यांचा गर. काही मुले कोपरापर्यंत हात घालतात. काहींना त्या स्पर्शाने शहारे येतात. ही दुसरी मुले हट्टी नसतात, त्यांची त्वचाच अधिक जागी असते. त्यांच्यासाठी लांब दांड्याची पळी ठेवावी. नातवाने पहिली दहा मिनिटे पळीनेच काम केले. मग एक बी बोटाने उचलली, मग दुसरी. कोणी त्याला ‘हात घाल ना’ म्हटले नाही, हीच त्या दुपारची माझी सर्वांत कठीण कामगिरी होती. बिया रोळीत धुऊन, फडक्यावर पसरून, दहादहांच्या ओळी लावल्या.

दुसऱ्या पाटीत कणकेचा खेळ. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक चमचा तेल आणि थोडा लिंबाचा रस एकत्र करून मंद आचेवर घोटावे. गोळा भांडे सोडू लागला की उतरवून, कोमट झाल्यावर मळावे. हळद आणि बिटाचा रस घातला की भोपळ्याचा नारिंगी रंग येतो. न शिजविलेले पीठ खेळावयास देऊ नये. कच्च्या पिठात रोगजंतू असू शकतात. हा गोळा फार खारट असतो, म्हणून तो खाण्याचा नाही हे मुलांना सांगावे, आणि घरात कुत्रा असल्यास त्याच्यापासूनही जपावे. मुले त्याचे भोपळे करतात, त्यांना लवंगेचा देठ लावतात. त्या लवंगेच्या वासाने आमच्या लेकीला एकदम दिवाळी आठवली.

तिसरी पाटी म्हणजे पिशवी. हॅलोवीनच्या मेजवान्यांत एक जुना खेळ आहे. डोळे बांधावयाचे, सोललेली द्राक्षे हाती द्यावयाची आणि सांगावयाचे, की हे भुताचे डोळे. मोठ्या मुलांना यात मजा वाटते. लहानग्यांची मात्र यात शुद्ध फसवणूक होते. आम्ही तो उलटा केला. चिंचोका नव्हे, तर त्याहून मोठ्या अशा वस्तू घेतल्या: एक सुकलेले कणीस, देवदाराचे बोंड, लोकरीचा गुंडा, लाकडी चमचा, मऊ पीस. आधी सर्व मुलांसमोर मांडल्या, नावे घेतली, हाताळल्या; नंतर कापडी पिशवीत घातल्या. आता न पाहता हात घालून ओळखा. पिशवी तीच, अंधारही तोच. परंतु आत काय आहे हे ठाऊक असल्यामुळे तो अंधार गमतीचा झाला. भीती आणि गंमत यांत पुष्कळदा एवढेच अंतर असते.

चौथ्या पाटीत हस्तकला. मेपल आणि ओक यांची गळलेली पाने अंगणातून मुलांनीच वेचून आणली होती. पानावर पातळ कागद ठेवून वरून रंगीत खडू आडवा घासला की पानाच्या शिरा उमटतात. मग भूत केले. पांढऱ्या हातरुमालाच्या मध्यभागी कापसाचा गोळा ठेवावयाचा, खाली दोऱ्याने बांधावयाचे आणि दोन डोळे काढावयाचे. ज्याच्या पोटात आपणच कापूस भरला, त्या भुताला कोण भिणार? नातवाने आपल्या भुताला हसरे तोंड काढले आणि त्याला थंडी वाजेल म्हणून दुसऱ्या रुमालात गुंडाळले. मुखवटे केले तेही काडीवरचे, अर्ध्या चेहऱ्याचे. काडी मुलाच्या हातात असते. वाटेल तेव्हा लावावा, वाटेल तेव्हा खाली घ्यावा. दोरीने बांधलेल्या मुखवट्यात मूल अडकते. काडीच्या मुखवट्यावर त्याची सत्ता चालते. शेवटी काचेच्या बरणीला पतंगाचा नारिंगी कागद खळीने चिकटवून, काळ्या कागदाचे नाकडोळे लावून दिवे केले. आपल्या आकाशकंदिलाचाच हा धाकटा भाऊ.

येथे चार सावधगिरीच्या गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. सव्वा इंच रुंदीच्या नळीत मावेल अशी वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्यात असू नये, असा अमेरिकेत नियम आहे. घरातही तोच पाळावा. भोपळ्याच्या बिया किंवा लवंगा असतील तेथे मोठे माणूस शेजारी हवेच. अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकते. द्यावयाचेच तर उभे चार भाग करून द्यावे. पाण्यात फुगणारे रंगीत मणी दिसावयास मोहक, परंतु पोटात गेले तर तेथेही फुगतात. ते घरात आणूच नयेत. बरणीत मेणबत्ती नको, छोटा विजेरीचा दिवा पुरे. मात्र त्याचे झाकण मळसूत्राने घट्ट बसणारे असावे, कारण गिळलेली चपटी विजेरी अन्ननलिका जाळते आणि प्राणावर बेतते.

वेषाविषयीही एक सूचना. बाजारचा झगमगीत वेष अंगाला टोचतो, आणि मूल ऐन वेळी रडते. जुना मऊ सदरा घ्यावा, मानेजवळची चिठ्ठी कापून टाकावी, आणि तो वेष सणाच्या आधी तीनचारदा घरातच घालून खेळू द्यावा. घरच्या मंडळींनीही आपला वेष मुलासमोरच चढवावा. बाबाचा अस्वल होताना पाहिला, तर अस्वलाचा बाबा होईल याचीही मुलास खात्री वाटते.

उरलेल्या भोपळ्याचे काय? दिव्यासाठी विकतात तो मोठा भोपळा पाणचट असतो. त्याला पाचोळ्याबरोबर खताच्या ढिगावर टाकावे. तिकडे पक्वान्नासाठी लहान, गोड भोपळा वेगळा मिळतो. त्याचे मी गूळ घालून घारगे केले. घारगे खाताना मुलांना मी आपल्या म्हातारीची गोष्ट सांगितली. लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होऊन परतणारी ती म्हातारी. वाटेत वाघ, वाटेत कोल्हा, आणि तिला सुखरूप घरी आणणारा तो भोपळा. आपल्या पोरांना हा भोपळा केव्हाचा ठाऊक आहे, आणि तो भिवविणारा नाही, तर वाचविणारा आहे. नातवाने विचारले, “आजी, भोपळ्यात अंधार नव्हता?” मी म्हटले, “होता ना. पण म्हातारीला ठाऊक होतं, आपण भोपळ्यात आहोत.”

३१ तारखेला आम्ही त्याला दारोदार नेले नाही. तो आपल्याच दारात, आपली बरणी शेजारी ठेवून, खाली पायरीवर बसला. दारात हिरवट निळ्या रंगाचा एक भोपळा ठेवला होता. या घरी मिठाईखेरीज दुसरेही काही मिळते, अशी ती खूण आहे. ज्या मुलांना शेंगदाणे किंवा दूध सोसत नाही, त्यांच्यासाठी २०१४ पासून ही चाल अमेरिकाभर रूढ होत गेली. आमच्या टोपलीत खडू आणि छोट्या वह्या होत्या. एक उंच मुलगा सांगाड्याचा मुखवटा घालून आला. नातू उठून माझ्या मांडीला चिकटला. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, “मुखवटा काढून दाखवशील?” त्या भल्या पोराने लगेच मुखवटा वर केला. आत घामाघूम झालेला, दात पडलेला, आठदहा वर्षांचा चेहरा होता. नातवाने त्याला खडू दिला आणि म्हटले, “आता परत घाल.”

सर्व भीती त्या एका संध्याकाळी गेली, असे मी म्हणणार नाही. त्यानंतर दोन गट आले तेव्हा तो घरात पळाला, आणि आम्ही त्याला पळू दिले. रात्री तो बरणीचा दिवा उशाशी घेऊन झोपला. लेकीच्या खोलीतला दिवाही रोजच्यासारखा जळत होता. तो मी विझवू शकत नाही. तीन वर्षांच्या मुलीच्या मनात एका वाक्याने घातलेला बागुलबुवा चाळीस वर्षांनीही हटत नाही, हे आता माझ्याइतके कोणाला ठाऊक असेल?

आणि म्हणूनच शेवटी आपल्या घराकडे येते. २०२४ साली आपल्या पंचांगांप्रमाणे नरकचतुर्दशीही ३१ ऑक्टोबरलाच होती. गोव्यात त्या पहाटे नरकासुराच्या अक्राळविक्राळ प्रतिमा जाळतात. बेळगावातही ती चाल आहे. झोपेतून उठवून, ढोलताशांच्या गजरात, तान्ह्या पोराला त्या प्रतिमेसमोर धरणारे वडील पुष्कळ आहेत. त्यांना माझी विनंती आहे. आदल्या दुपारी त्या मुलाला, पोरे प्रतिमा बांधीत असतील तेथे न्या. बांबू पाहू दे, गवत हाताळू दे, कागद चिकटवू दे. मग पहाटे तो नरकासुर त्याच्या ओळखीचा असेल. अंगणातला किल्ला करताना आपली मुले कोपरापर्यंत चिखल कालवितात. त्यांना ‘हात माखतील’ म्हणून उठवू नका. ज्ञानेंद्रियांच्या शिक्षणाचा तो आपला फार जुना वर्ग आहे. आणि कारीट टाचेखाली फोडताना ज्याला किळस येते, त्याला हसू नका. त्याने ते पळीने फोडले तरी नरकासुर मरतोच.

सण कोणत्याही देशाचा असो, मुलाच्या वाट्याला त्यातला दिवा यावा, अंधार त्याने आपल्या पावलांनी, आपल्या वेळेला ओळखावा. आपण फक्त शेजारी बसावे, आणि पळी हाताशी ठेवावी.



(नभोवाणीवरील भाषण)